बंद वस्तूला अंगारा नाही

“एवढे पंखे लावले म्हणतोस, मंग ते थंड काऊन नाही होत?”

माय धुनीतलं लाकूड आत सरकवत होती. विचारताना तिने वर पाहिलं नाही.

यशोधर बोंडेने सैल झालेली सुतळी ओढून घट्ट केली. त्याच्या मांडीवर कॉम्प्युटरचं काळं कॅबिनेट होतं, सगळे ज्याला सीपीयू म्हणतात ते. अकोटहून येताना जीपमध्ये त्याने ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. मठात येऊन बसला, पाणी प्यायला, तरी ठेवलं नाही.

कॅबिनेटला बाहेरून सुतळीने पंखे बांधले होते. पुढे पंखा, बाजूला पंखा, वरच्या जाळीवर पंखा. एखाद्या पेशंटला जिथे जागा मिळेल तिथे नळ्या लावाव्यात, तसं ते दिसत होतं.

“होईल,” यशोधर शेवटी म्हणाला. “तुम्ही फक्त अंगारा लावा. बायकोने, प्रतिभाने सांगितलंय म्हणून आलो.”

“तू तुह्यासाठी नाही आला?”

“मी... हे घेऊन आलो.”

मायने लाकडाचं टोक फुंकलं.

सातपुड्याच्या पायथ्याशी तो मठ आहे. मठ म्हणायचं, बाकी एक दगडी खोली, छताला धूर जायला भोक, आणि मधोमध धुनी. ही धुनी मायच्या गुरूने, थोरल्या मायने, पेटवलेली. तेव्हापासून ती विझलेली नाही, असं सगळा तालुका सांगतो आणि पाया पडतो.

लोक इथे माणसं आणतात, तशी यंत्रंही आणतात. विहिरीवरची मोटर, पिठाच्या गिरणीचं मुंडकं, पेरणीआधी ट्रॅक्टर. माय तीन बोटांनी अंगारा लावते. तिची अट एकच. ट्रॅक्टरचं बॉनेट वर पाहिजे, मोटरीचं झाकण निघालेलं पाहिजे. बंद वस्तूला ती अंगारा लावत नाही. का, ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं.

यशोधरला हे सगळं ऐकून माहीत होतं, आणि ऐकून त्याला नेहमी हसू यायचं.

त्याचं अकोटात कॉम्प्युटरचं दुकान आहे. उन्हाळा लागला की तापून बंद पडणारी मशीनं त्याच्याकडे यायची. तो झाकण काढायचा, एक नजर टाकायचा, आणि गिऱ्हाइकाकडे अशा चेहऱ्याने बघायचा की त्या बिचाऱ्याला आपण जन्मालाच का आलो असं वाटावं. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. अंगारे-धुपारे हा विषय निघाला की स्क्रू काढायचा पेचकस खाली ठेवून आधी वाद घालायचा, मग काम.

आता दुकानाचं शटर खाली होतं. गेल्या श्रावणात त्याचा एकुलता एक मुलगा ओजस तापाने गेला, तेव्हापासून.

मांडीवरचं मशीन ओजसचं होतं.

“उघड,” माय म्हणाली.

“काय?”

“झाकण. उघड ते.”

“वरूनच लावा ना.” यशोधरने कॅबिनेटवर हात ठेवला. “मशीनच्या आत राख गेली तर काय होतं माहीत आहे का तुम्हाला?”

“मी कवा म्हणलं अंदर टाकीन म्हणून?”

“मग उघडायचं कशाला?”

 मायने मागे भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. तिच्याकडे वेळ भरपूर होता. यशोधरकडेही होता, पण तो त्याला सोसवत नव्हता.

“तुम्हाला यातलं काय कळतं?” तो म्हणाला.

“काईच नाही. तू सांग.”

“काय सांगू?”

“थंड कसं करतेत ते.”

यशोधर हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला असेल, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

“सोपं आहे. काम केलं की मशीन आतून तापतं. पुढच्या पंख्याने बाहेरची हवा आत घ्यायची. ती तापलेल्या भागांवरून गेली पाहिजे. मागच्या पंख्याने गरम हवा बाहेर टाकायची. गरम हवा वर चढते, म्हणून वर पंखा लावायचा झाला तर तोही बाहेर फेकणारा लावायचा. वाट मोकळी पाहिजे, बस. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.”

“अन् तुह्या याच्यातला कोणता पंखा भाईर फेकते?”

यशोधरने सुतळीकडे पाहिलं.

“मागचा,” तो म्हणाला.

“अन् वरचा?”

“...आत.”

“बाजूचा?”

“तोही आत. सगळे आत फेकतात.” त्याचा आवाज चढला. “मला माहीत आहे, माय. मला सांगायची गरज नाही. मागचा आतून जाम झालाय. तो फिरतो, पण हवा जात नाही. तो साफ केल्याशिवाय मी बाहेरून वावटळ आणून सोडली तरी उपयोग नाही. हे मला माहीत आहे.”

“बरं.”

“माहीत आहे मला.”

“आयकलं ना.”

बाहेर वैशाखातलं ऊन भाजून काढत होतं. दारातून आत येणारा वारा धुनीपेक्षा फारसा थंड नव्हता. चिंचेच्या झाडाखाली एक कुत्रं जीभ बाहेर काढून पडलं होतं, ते उठून दुसऱ्या सावलीत जाऊन पडलं.

“पोराचं काय हाय त्यात?” मायने विचारलं.

“काही नाही. त्याचं सगळं मी आधीच काढून घेतलं. फोटो, अभ्यास, त्याने रेकॉर्ड केलेली गाणी. सगळं दुसरीकडे नीट ठेवलंय.”

“मंग याले काऊन वागवतोस मांडीवर?”

यशोधरने मागच्या पंख्यावर बोट ठेवलं.

“आवाज आहे,” तो म्हणाला. “याच्या पंख्याचा. घरघर. ओजस खोलीत असला की हा आवाज यायचा. दिवसभर यायचा. मी ओरडायचो, अरे बंद कर जरा, जीव घेशील त्याचा...” तो थांबला. “आता मी सकाळी उठून चालू करतो. खोलीचं दार लोटून घेतो आणि बाहेर बसतो. दार बंद आणि आतून तो आवाज. मग मला घरात बसता येतं. जेवता येतं.”

“अन् बंद पडला का?”

“नाही बसता येत.”

मायने धुनीत एक काटकी घातली.

“आता ते थोडा वेळ चालतं आणि तापून बंद पडतं. मी पंखा वाढवतो, पुन्हा चालतं, पुन्हा पडतं. एक दिवस जळेल. मग काहीच नाही उरणार.” त्याने कॅबिनेटच्या कडेवरून अंगठा फिरवला. “तरी मशीनचं बरं असतं, माय. फार तापलं की आपलं आपण बंद पडतं. स्वतःला वाचवतं. ओजसला मी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतो, बर्फ ठेवत होतो, तापाचा आकडा खाली येत नव्हता. सगळ्या तालुक्याची मशीनं थंड केली मी.”

पुढचं वाक्य त्याने म्हटलं नाही. ते म्हणायची गरजही नव्हती, दोघांना ऐकू आलंच.

धुनीतलं लाकूड तडतडलं.

“उघड,” माय पुन्हा म्हणाली. या वेळी हलक्या आवाजात.

“नाही.”

“काऊन?”

“आत धूळ आहे.”

“असनच.”

“त्याची आहे ती.”

मायने डोळे उघडले.

“तो त्याच्या खोलीत दिवसभर असायचा,” यशोधर भराभर बोलू लागला, जणू कोणी मध्ये अडवेल. “तिथे जेवायचा, झोपायचा, डोकं विंचरायचा. त्या खोलीतली हवा यातून जायची. त्याने श्वास सोडला की तोच यात जायचा. प्रतिभाने खोली झाडली. चादरी धुतल्या, कपडे देऊन टाकले. बरोबर आहे तिचं, मी काही म्हटलं नाही. पण हे राहिलं. यात तो आहे, जेवढा काही आहे तेवढा. मी झाकण काढलं तर मला साफ करावं लागेल. मला राहवणारच नाही, माझे हात तसेच आहेत. आणि ब्लोअर मारला की... दोन मिनिटांत सगळं उडून जातं, माय.”

“अन् नाही मारला तर जळते.”

“हो.”

“मंग?”

यशोधर चिडला. माणूस कोपऱ्यात सापडला की चिडतो, त्यात त्याचा वेगळा असा दोष नाही.

“तुम्ही मला विचारता?” त्याने धुनीकडे बोट केलं. “ही कोणाची? तुमच्या गुरूची ना? ती जाऊन किती काळ झाला, तरी तुम्ही हिला विझू देत नाही. जंगलातून लाकूड आणता, रात्री उठून बघता. लोक येऊन पाया पडतात. तुम्ही सांभाळता ती भक्ती, आणि मी सांभाळतो ते वेड?”

माय धुनीकडे बघत राहिली...

 यशोधरला वाटलं, लागलं हिला. त्याला थोडं बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं.

“थोरली माय गेली,” ती म्हणाली, “तवा त्या चिंचेपाशी तिले अग्नी देल्ला. दुसऱ्या दिशी मी मूठभर राखड उचलली अन् या धुनीत आणून टाकली. म्हणलं, कुठं जातं आता? इथंच राह्य.”

“मग?”

“मंग मले धुनीतली राखड काढवेना. लाकूड रोज घालो. राखड तशीच. काढू तर त्याच्यात माय जाते.”

ती बोटाने जमिनीवरची राख सारखी करत होती.

“कुंड भरत आलं. लाकडाले खालून हवा भेटेना. नुसता धूर. डोळ्यातून पाणी थांबेना माह्या. लोकं येत अन् म्हणत, पाहा, गुरूसाठी कशी रडते. मी आयकून घेत होती. बरं वाटे ते आयकून.”

“मग काय झालं?”

“इझली.”

यशोधरने आधी मायकडे पाहिलं, मग धुनीकडे.

“ही?”

“हेच.”

“पण लोक तर म्हणतात...”

“म्हणतेत.”

“मग ही कशी पेटली पुन्हा?”

“आगपेटीनं.”

 यशोधर देव न मानणारा माणूस, पण त्यालाही आत कुठेतरी धक्का बसला. आपण ज्याच्यावर विश्वास ठेवत नव्हतो, ते निदान खरं तरी असावं, असं त्याला वाटत आलं होतं.

“कोणाला सांगितलं नाही?”

“तूच पहिला.”

“आणि ती राख? थोरल्या मायची?”

“घमेले भरभरून काढली.”

“कुठे टाकली?”

“जो आला त्याच्या कपाळाले लावली.”

 छताच्या भोकातून उन्हाचा कवडसा धुनीच्या कडेवरून सरकत सरकत यशोधरच्या गुडघ्यापर्यंत आला.

मायने हात लांब केला आणि त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं.

खिशात पेचकस होता. दुकान इतके महिने बंद, पण शर्ट बदलताना तो रोज पेचकस नव्या खिशात टाकत होता. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्याने कॅबिनेट मांडीवरून उचललं आणि जमिनीवर ठेवलं.

सुतळी सोडली. बाहेरचे पंखे काढून बाजूला ठेवले. मग मागचे स्क्रू काढायला घेतले. ज्या हातांनी हजारो स्क्रू डोळे मिटून काढले असतील, ते हात पहिल्याच स्क्रूला घसरले.

झाकण निघालं.

आत सगळं करडं होतं. जाळीवर, तारांवर, मधल्या पंख्याच्या पात्यांवर मऊ थर बसला होता. मागच्या पंख्याला तर जाळीच उरली नव्हती, नुसता धुळीचा दाट थर, लोकरीच्या नमद्यासारखा. आणि त्याच पंख्याच्या मधल्या गुंडीला एक लांब केस गुंडाळला होता.

ओजसने केस वाढवले होते. त्यावरून घरात रोज खटके उडायचे. कापून ये म्हटलं होतं ना तुला, असं म्हणतच शेवटचे कित्येक महिने गेले होते.

यशोधरने तो केस सोडवला. फार हळू सोडवला, एक वेढा, मग दुसरा. तुटू दिला नाही.

मायने धुनी झाडायचा कुंचा त्याच्यापुढे ठेवला. ती उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि पाठ करून बसली.

यशोधर साफ करू लागला. त्याला ब्लोअरची सवय, कुंच्याची नाही. वरून खाली, आतून बाहेर, पातं न् पातं. धूळ उडत होती आणि त्याच्या हातांवर, कोपरापर्यंत बसत होती. तो तोंडाने फुंकत नव्हता. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला तेव्हा त्याने पालथ्या हाताने तो पुसला. कपाळावर करडा पट्टा उमटला. त्याला ते कळलं नाही.

काम करताना तो रडत होता. त्याचा आवाज नव्हता, पण खांदे हलत होते, आणि हात थांबले नाहीत.

धूळ त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गोळा केली. एवढीशीच होती, ओंजळभर. केस त्यावर ठेवला. मग पुन्हा उचलला. मग पुन्हा ठेवला.

“हे?” त्याने विचारलं.

माय उठून आली, आज सकाळी धुनीतून काढलेल्या राखेचं घमेलं तिने पायाने त्याच्याकडे सरकवलं आणि ती परत जाऊन बसली.

त्याने कागद हातात धरला. खूप वेळ धरला. मग घमेल्यावर नेऊन तिरका केला.

राखेत ती धूळ ओळखू येईना, केसही दिसेना.

त्याने वरच्या जाळीचा पंखा उचलला, उलटा केला आणि पुन्हा बसवला. आता तो बाहेर फेकणार होता. बाकीचे पंखे त्याने लावलेच नाहीत.

मठात भक्तांच्या मोबाइलसाठी एक प्लगपॉइंट होता. यशोधरने पिशवीतून वायर काढली, जोडली आणि कॅबिनेटचं बटण दाबलं.

मशीन सुरू झालं.

तो कान लावून बसला.

पंखा फिरत होता, पण घरघर नव्हती. मागून हवेची बारीक, सरळ सूं... एवढंच. दुकानात दिवसातून कितीतरी वेळा ऐकलेला आवाज. साफ झालेल्या कुठल्याही मशीनचा आवाज.

“हा तो आवाज नाही,” यशोधर म्हणाला.

मायने मान वळवून पाहिलं.

“तो धुळीचा होता, माय. ती घरघर धुळीची होती. मी तीच काढली.” त्याने दोन्ही हात मागच्या पंख्यापुढे धरले. हवा बाहेर येत होती, गरम, जोरात, जशी यायला पाहिजे तशी. “गेला तो आवाज.”

“व्हय.”

“आता मी घरी जाऊन काय ऐकू?”



मायने मान हलवली नाही, हात उचलला नाही. ती एकदम थकलेली दिसत होती. त्याला वाटलं, थोरल्या मायची राख काढून झाली त्या दिवशी ही अशीच बसली असेल.

मशीन चालत राहिलं. कवडसा त्याच्या गुडघ्यावरून उतरून भिंतीकडे गेला. मशीन बंद पडलं नाही. यशोधरने मधूनमधून आतल्या भागाजवळ बोट नेऊन पाहिलं, तापलं नव्हतं. दुकानात असं झालं की तो गिऱ्हाइकाला ‘घेऊन जा’ म्हणायचा आणि पुढच्याला हाक मारायचा.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्याने स्वतःच बटण दाबलं आणि मशीन बंद केलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने ते स्वतः बंद केलं.

खोली शांत झाली. तो त्या शांततेत बसून राहिला, उठला नाही.

मग त्याने वायर गुंडाळली. झाकण उचललं आणि लावता लावता थांबला.

“अंगारा राहिला,” तो म्हणाला.  “प्रतिभा विचारील. लाव ना, माय. उघडंच आहे.”

माय उठून जवळ आली. घमेल्याकडे तिने हात नेला नाही. उघड्या कॅबिनेटकडेही पाहिलं नाही. ती यशोधरच्या कपाळाकडे बघत उभी राहिली.

“लागला हाय,” ती म्हणाली. “घरी जाईपर्यंत पुसू नको.”